एक चुकलेला माज आणि दिवाळीचा फरक

कोल्हापूर जिल्ह्यात गोठ्याचं वर्ष गणपती गेले की सुरू होतं. दूध संघाचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, बँकेचंही तेच; म्हशीला मात्र ते मान्य नाही. दिवस लहान होऊ लागले की तिला माज येतो, पुढं तीनशे दहा दिवसांच्या आसपास ती गाभण राहते, आणि म्हणूनच बहुतेक म्हशी आषाढ-श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंत वितात. आश्विन लागला की दावणीला एक तरी ताजी व्यायलेली म्हैस असते, बांधावर गवत कमरेला लागतं, डेअरीपुढची रांग लांबते आणि दिवाळीच्या तोंडावर संघाचं फरक बिल, म्हणजे वर्षभराच्या दुधापोटी उरलेला हिस्सा, खात्यावर पडतं. दूध, वैरण आणि पैसा यांचा असा एकत्र सुकाळ वर्षात पुन्हा येत नाही. माझं म्हणणं असं, की उन्हाळ्यात गोठ्यात जो तोटा दिसतो त्यातला बराचसा याच सुकाळात झालेला असतो. तो त्या वेळी दिसत नाही, कारण त्या वेळी किटली भरलेली असते.

आधी थोडी पार्श्वभूमी. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आपलं गोकुळ, १६ मार्च १९६३ रोजी स्थापन झाला. तिकडं वारणा खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारानं साखरेपाठोपाठ दुधाचंही सहकारी जाळं उभं राहिलं. आज एकट्या गोकुळचं संकलन रोज १५ लाख लिटरच्या पुढं आहे आणि त्याचं नाव मुंबई-पुण्यात टिकलंय ते म्हशीच्या दुधावर. कोल्हापूर शहराची परंपरा तर संघांहून जुनी आहे. गंगावेशीत संध्याकाळी पंढरपुरी म्हैस उभी करून गिऱ्हाईकासमोर धार काढायची आणि फेसासकट पेला हातात द्यायचा, हे दृश्य तालमींच्या या गावाला नवं नाही. तलवारीसारख्या लांब शिंगांची ही म्हैस कुठंही, रस्त्यावरसुद्धा, पान्हा सोडते म्हणून तो धंदा जमतो. खेड्यातल्या गोठ्यात मात्र आता मुऱ्हा, मेहसाणा, जाफराबादी आणि त्यांच्या संकरातल्या म्हशी जास्त दिसतात. सोबत एखादी एचएफ किंवा जर्सी रक्ताची संकरित गाय.

म्हैस की गाय हा वाद पारावर कधी संपत नाही. त्यावर माझं मत पुढं देतो. त्याआधी एका म्हशीचा रोजचा हिशेब मांडू, कारण बोलणं पुष्कळ होतं आणि कागदावर आकडे क्वचित येतात.

आठ लिटर दूध देणारी म्हैस धरू. दुधाला लिटरमागं ५० रुपये धरू. फॅट आणि एसएनएफप्रमाणं हा आकडा वर-खाली होईल, हिशेबापुरता तो चालेल. रोजचे ४०० रुपये झाले. आता खर्च. शरीर टिकवायला दोन किलो आणि दर लिटरला अर्धा किलो या रूढ मापानं तिला सहा किलो पशुखाद्य लागतं. गोळी पेंड किलोला ३० रुपये धरली तर १८० रुपये झाले. हिरवी वैरण २५ किलो, विकत घेतली तर तीन रुपये किलोनं ७५. सुकी वैरण पाच किलो, आठ रुपयांनी ४०. खनिज मिश्रण आणि औषधपाण्याचे सरासरी १०. बेरीज ३०५. हातात राहिले ९५ रुपये, आणि यात घरच्या माणसाची मजुरी धरलेली नाही, म्हशीच्या खरेदीचं व्याज नाही, विमा नाही, गोठ्याची डागडुजी नाही. मजुरी लावली की हा आकडा शून्याखाली जातो. मग लोक म्हशी पाळतात कशाला? कारण हिरवी-सुकी वैरण बहुतेकांच्या घरची असते. त्या ११५ रुपयांची रोकड जात नाही, त्यामुळं ९५ चे २१० होतात. वर शेणखत आहे. आश्विन-कार्तिकात पूर्वहंगामी उसाची लागण सुरू होते तेव्हा शेणखताच्या ट्रॉलीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. ज्याच्याकडं वैरण नाही आणि जो सगळं विकत घेतो, त्याच्या बाबतीत मात्र ९५ रुपये हेच सत्य आहे.

आता तीच म्हैस आटली आणि गाभण नाही असं धरा. दोन किलो खाद्य ६० रुपये, वैरण ११५, इतर पाच. रोज १८० रुपये, आणि समोर दूध शून्य. म्हैस माजावर आली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर पुढचा माज एकवीस दिवसांनी. म्हणजे वेताच्या शेवटाला एकवीस भाकड दिवस वाढले. २१ गुणिले १८० म्हणजे ३,७८० रुपये. रोज ९५ सुटत असतील तर चाळीस दिवसांचं दूध या एका चुकीत गेलं.

आणि फरक बिल किती असतं? म्हशीच्या दुधाला लिटरमागं दोन-अडीच रुपये आणि गाईच्या दुधाला रुपया-दीड रुपया या पट्ट्यात अलीकडचे आकडे आहेत. एका वेताला म्हशीनं १,८०० लिटर दूध डेअरीला घातलं असेल तर चार हजारांच्या आगेमागे. सगळा गाव ज्या रकमेची वाट बघतो, जिच्यावर संघाच्या निवडणुका लढवल्या जातात, ती रक्कम आणि एक चुकलेला माज जवळपास एकाच किमतीचे आहेत.

पण एकवीस दिवसांवर थांबलं तर बरं म्हणायची पाळी येते. श्रावण-भाद्रपदात व्यायलेली म्हैस साठ दिवसांची विश्रांती धरून आश्विन-कार्तिकात पुन्हा माजावर यायला हवी. ते दोन-तीन माज चुकले, फेब्रुवारी उलटला, दिवस मोठे झाले, ऊन चढलं, की बऱ्याच म्हशी माज दाखवायचंच बंद करतात. मग ती थेट पुढच्या पावसाळ्यात हाताला लागते. सहा महिने भाकड म्हणजे वरच्याच हिशेबानं ३२,४०० रुपये. उन्हाळ्यात "म्हैस उलटतीय, राहतच नाही" अशी तक्रार घेऊन लोक डॉक्टरकडं जातात, तेव्हा खरी संधी दिवाळीच्या आसपास निघून गेलेली असते.

माज चुकतो याला म्हशीचा स्वभावही कारण आहे. गाय हंबरते, दुसऱ्या गाईवर चढते, दावं ताणते, शेजाऱ्यालाही कळतं. म्हशीचा माज मुका. तो बहुधा रात्री किंवा भल्या पहाटे दिसतो. पहाटे चारला शेण ओढायला गोठ्यात गेलेल्या बाईला तो दिसू शकतो: म्हैस बसलेली उठते, शेपूट जरा बाजूला धरते, थोडं थोडं मुततेय असं वाटतं, गव्हाणीतली पेंड अर्धी तशीच, धारेला दूध लिटरभर कमी. बसल्या जागी काचेसारखा स्वच्छ, चिकट सोट पडलेला असतो. सहा वाजता तो शेणाबरोबर खोऱ्यात जातो आणि पुरावा संपतो. ज्या घरात धार काढणारी बाई आणि कृत्रिम रेतनाला फोन करणारा पुरुष यांच्यात बोलणं होत नाही, त्या घरात माज चुकतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायची आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा साधा नियम सगळ्यांना पाठ आहे. अडचण नियमाची नाही, दिसण्याची आहे. गोठ्याच्या भिंतीवर कॅलेंडर आणि दोरीला बांधलेली पेन्सिल एवढ्या भांडवलात हे काम होतं. व्यायल्याची तारीख, माजाची तारीख, भरवल्याची तारीख. ज्या गोठ्यात या तीन तारखा लिहिलेल्या सापडतात, तिथं भाकड जनावर कमी सापडतं. हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

वैरणीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, कारण तो एकट्या गोठ्याचा नाही, उसाचाही आहे.

कोल्हापूरच्या बागायती पट्ट्यात चाऱ्याला जमीन शिल्लक नाही. करवीर, कागल, हातकणंगले, शिरोळ इथं पाणी पोचलं तिथं ऊस गेला. म्हणून पावसाळाभर बांधावरचं गवत आणि हंगाम लागला की उसाचं वाडं, असा चाऱ्याचा दोन पायांचा कारभार आहे. मधे एक फट पडते. दसऱ्यानंतर गवत पिकून निबर होतं, कुसळ धरतं, आणि वाडं अजून आलेलं नसतं. कारखाने नोव्हेंबरात पेटतात, तेही दराचा तिढा सुटला तर. दरवर्षी जयसिंगपूरला स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद होते, पहिल्या उचलीची मागणी ठरते आणि तोपर्यंत तोडी अडतात. २०२३ साली मागच्या हंगामाच्या जादा पैशासाठी आंदोलन पेटलं, २३ नोव्हेंबरला शिरोलीत पुणे-बेंगळुरू महामार्ग रोखला गेला आणि तेव्हा कुठं तोडगा निघाला. उसाचा शेतकरी आणि दुधाचा शेतकरी एकच असतो. उसाला चार पैसे जास्त मिळावेत म्हणून तो थांबतो, आणि त्याच दिवसांत त्याची म्हैस वाड्याविना थांबलेली असते. या दोन हिशेबांची सांगड कुठल्याच परिषदेत घातली जात नाही, ही मला गमतीची आणि थोडी वाईटही गोष्ट वाटते.

एकदा तोड सुरू झाली की चित्र पालटतं. संध्याकाळी फडाच्या कडेला तोडकऱ्यांच्या बायका वाड्याच्या मोळ्या बांधतात, गोठेवाले मोटारसायकली घेऊन उभे असतात, भाव तिथंच ठरतो. आधी तोडकऱ्याची स्वतःची बैलजोडी जेवते, मग उरलेलं विकलं जातं. मराठवाड्यातून आलेल्या त्या बाईला वाड्याचे पैसे हीच रोजच्या भाजी-मिठाची रोकड असते. गोठेवाल्याला तो सगळ्यात स्वस्त हिरवा चारा वाटतो. स्वस्त आहेच. पण त्यात प्रथिनं कमी आणि ऑक्झलेट जास्त. ऑक्झलेट पोटातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि कॅल्शियमची ओढ सगळ्यात जास्त असते ती नुकत्याच व्यायलेल्या, भरपूर दूध देणाऱ्या जनावराला. म्हणजे ज्या महिन्यात म्हशी व्यालेल्या असतात त्याच महिन्यात कॅल्शियम पळवणारा चारा दावणीला येतो. व्यायल्यापासून दोन-तीन दिवसांत म्हैस बसते, उठत नाही, कान गार पडतात, मान वळवून पोटाकडं टाकते. हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग गार असतं. डॉक्टर शिरेतून हळूहळू कॅल्शियम सोडतात आणि तासाभरात म्हैस उभी राहते. उशीर झाला तर ती हातची जाते. बसण्यापर्यंत वेळ आली नाही तरी छुपी कमतरता असतेच: वार अडकते, पान्हा कमी, माज लांबतो. पुन्हा तोच भाकड दिवसांचा हिशेब.

वाडं टाकूच नये असं मी म्हणणार नाही. कोल्हापुरात ते म्हणणं म्हणजे हवेत गोळी. मात्र पोटभर नुसतं वाडं नको. कुट्टी करून, त्यात लसूणघास किंवा सोयाबीनचं भुसकट, भुईमुगाचा पाला मिसळून, रोज पन्नास-साठ ग्रॅम खनिज मिश्रण न चुकता, आणि वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडून द्यावं. खनिज मिश्रणाचे रोजचे पाच-सात रुपये वाचवणारा माणूस पेंडीत अर्धा किलो जादा टाकून दूध वाढवायला बघतो. ती पेंड शेणात जाते.

याच दिवसांत भात निघतं. राधानगरी, भुदरगड, पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा या पश्चिमेच्या तालुक्यांत पिंजराच्या गंज्या उभ्या राहतात. नुसतं पिंजर म्हणजे पोट भरणं. शंभर किलो पिंजराला चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, दाबून रचायचं, प्लास्टिकनं हवाबंद झाकायचं आणि एकवीस दिवसांनी उघडायचं. उघडल्यावर वास उडेपर्यंत पसरून मग द्यायचं, आणि सहा महिन्यांच्या आतल्या रेडकांना अजिबात द्यायचं नाही. ही पद्धत कित्येक वर्षं शिबिरांतून सांगितली जाते आणि गावात दोन घरंही करत नाहीत. कारण आळस नव्हे. पिंजर निघतं त्याच आठवड्यात सुगीची माणसं कमी पडतात, पुढच्या पिकासाठी रान मोकळं करायची घाई असते आणि युरिया हा शब्द ऐकला की घरातली म्हातारी हात लावू देत नाही. सांगणाऱ्यांनी हे कधी ध्यानात घेतलं नाही.

मुरघासाचंही तसंच. मका दाणा चिकात असताना कापून, कुट्टी करून, दाबून हवाबंद ठेवला की दीड महिन्यात मुरघास तयार होतो आणि उन्हाळा निभतो. पण मक्याला रान कुठलं? मला त्यातल्या त्यात व्यवहार्य वाटतो तो बांधाचा आणि गुंठ्यांचा मार्ग. दोन म्हशींसाठी फुले जयवंतसारख्या संकरित नेपियरचे पाच-सहा गुंठे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेले लसूणघासाचे दोन गुंठे. लसूणघास एकदा नीट बसला की पंचवीस-तीस दिवसांनी कापणी देत दोन-तीन वर्षं चालतो. उसाच्या एकरातले आठ गुंठे काढले तर उसाचं उत्पन्न पाचव्या हिश्शानं घटेल, हे खरं. पण त्या बदल्यात दोन्ही म्हशींची हिरवी वैरण विकत घ्यायची रोकड, रोजचे १५० रुपये, बऱ्याच अंशी वाचते. वर्षाची बेरीज ज्यानं त्यानं आपल्या टनेजवर मांडावी; माझ्या मते ती बहुतेक ठिकाणी वैरणीच्या बाजूनं लागते.

रोगराईबद्दल थोडक्यात. पावसाळा सरताना गोचीड वाढतात आणि संकरित गाईंना गोचीड ताप धरतो. भिंतीच्या भेगा बुजवल्याशिवाय नुसत्या अंगावरच्या औषधानं गोचीड जात नाहीत. भात खाचराच्या, पाणथळ भागात गोगलगायींमार्फत यकृतातले चपटे कृमी जातात, म्हणून पावसाळ्यानंतरची जंताची मात्रा चुकवू नये. लाळ-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी, त्यातली एक फेरी पावसाळ्यानंतर. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती मोफत मिळते आणि त्यासाठीच कानात बारा आकडी बिल्ला असतो. "लस टोचली की दूध घटतं" म्हणून डॉक्टरांना दारातून परत पाठवणारी माणसं अजून आहेत. दोन-चार दिवस लिटर-अर्धा लिटर घटतं, कबूल. रोग आला तर वेत जातं. लम्पीनं हा धडा महाग करून शिकवला. २०२२ चा सबंध आश्विन-कार्तिक गाईच्या गोठ्यांत सुतक होतं. राज्यभर जनावरांचे बाजार बंद, शर्यती बंद, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली जात होती, आणि सरकारनं मेलेल्या दुधाळ गाईमागं ३०,००० रुपये मदत दिली. तेवढ्यात तशी दुसरी गाय आली नाही. म्हशी त्या साथीतून बहुतेक सुटल्या. पूर हे दुसरं संकट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा-कृष्णेच्या काठची वैरण गाळाखाली गेली. त्या दोन्ही वर्षी नदीकाठच्या गावांत दिवाळीला म्हशी होत्या पण बांधावर गवत नव्हतं.

आता पैशाकडं येऊ. दर दहा दिवसांनी दूधबिल येतं, हेच खरं तर या धंद्याचं बळ आहे. ऊस वर्षा-दीड वर्षानं पैसे देतो, तेही हप्त्यानं. दूध दहाव्या दिवशी देतं. शाळेची फी, किराणा, औषध हे सगळं त्यावर चालतं. आश्विनातली चिठ्ठी नीट वाचावी. लिटर वाढलेले दिसतात आणि फॅट उतरलेलं. ताज्या वेतात दूध जास्त आणि फॅट कमी असतंच, वर कोवळ्या हिरव्या गवतानं सुक्या वैरणीचं प्रमाण घटतं, त्यानं आणखी उतरतं. लगेच मापावर संशय घेण्याआधी गव्हाणीत पाच किलो सुकी वैरण पडते का ते बघावं. आणखी एक: धारेचं शेवटचं दूध सगळ्यात जास्त फॅटचं. रेडकाला आधी पाजून पान्हा आणायचा आणि शेवटची धार नीट निपटायची, की उलट करायचं, यावर फॅटचे दोन-तीन पॉइंट ठरतात. रेडकाला उपाशी ठेवा असा याचा अर्थ कुणी काढू नये. व्यायल्यावर तासा-दोन तासांत सुरुवात करून त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक दिवसभरात विभागून पाजला नाही तर काही वर्षांनी दावणीला येणारी म्हैस तिथंच गेली. मुऱ्ह्याची दुसऱ्या-तिसऱ्या वेताची म्हैस घ्यायला आज लाखाच्या वर मोजावे लागतात, आणि घरची रेडी मात्र चिकाविना मरते. हा आपल्याकडचा सगळ्यात न बोलला जाणारा खर्च.

फरक बिलाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण गैरसमज जुना आहे. तो बोनस नव्हे. वर्षभरात दूध विकून संघाला जे सुटलं त्यातला उत्पादकाचा उरलेला हिस्सा. जगभर सहकारात अशीच पद्धत आहे. न्यूझीलंडची फोंटेरा वर्षभर आगाऊ दरानं पैसे देते आणि मागच्या हंगामाचा शेवटचा हप्ता ऑक्टोबरात चुकता करते, म्हणजे योगायोगानं आपल्या दिवाळीतच. आपल्याकडं या फरकातून डिबेंचरची, म्हणजे संघाकडं ठेव म्हणून राहणाऱ्या रकमेची, कपात होते. संघाला प्रकल्पांसाठी भांडवल हवं आणि त्यावर व्याज मिळतं, ही एक बाजू. सभासदाला सणाच्या तोंडावर रोकड हवी आणि कपात किती ते आधी कळायला हवं, ही दुसरी. २०२५ च्या दिवाळीआधी याच कपातीवरून गोकुळच्या उत्पादकांनी जनावरांसह मोर्चा काढला. माझ्या मते दोन्ही बाजूंच्या भाषणांत एक गोष्ट राहून गेली: कपातीचं प्रमाण वर्षाच्या सुरुवातीला जाहीर केलं आणि चिठ्ठीवर छापलं तर भांडणाचं निम्मं कारण संपतं.

गाईच्या दुधाची गोष्ट वेगळी. त्याचा भाव भुकटी आणि बटरच्या बाजाराला बांधलेला. तो बाजार पडला की सरकारला हात द्यावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून संघांनी २८ रुपये द्यायचे आणि सरकारनं ७ रुपये अनुदान घालायचं, असा निर्णय झाला, तोही अशाच आश्विनाच्या तोंडावर. म्हशीच्या दुधाला असा टेकू लागला नाही. शिवाय भाकड गाईचं करायचं काय, याचं उत्तर शेतकऱ्याकडं नाही, आणि २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर एचएफच्या खोंडाला तर जन्मापासूनच गिऱ्हाईक नाही. इंग्लंड-आयर्लंडचा गोठेवाला शरदात गाभण तपासणी करतो आणि रिकामी गाय हिवाळ्याआधी विकून मोकळा होतो. त्याच्या खर्चाचं गणित त्या विक्रीवर उभं आहे. आपल्याकडं ती वाट बंद असताना त्यांचं उत्पादनाचं गणित जसंच्या तसं उचलून पन्नास गाईंचे मुक्त गोठे उभारायला सांगणं हा सल्ला नव्हे. म्हणून माझं मत म्हशीच्या बाजूनं आहे, आणि तेही घरची वैरण पुरेल तेवढ्याच. दोन ते पाच. कर्जावर दहा-पंधरा म्हशी, विकतची वैरण आणि पगारी गडी, हे गणित वरच्या ९५ रुपयांत बसत नाही.

दोन ते पाच म्हशींचा हा हिशेबही घरच्या बाईच्या अंगावर उभा आहे. पहाटे चारला शेण, मग धार, डेअरी, मग रान, भारा, पुन्हा कुट्टी, पुन्हा धार. दिवाळी पाडव्याला गवळीवाड्यांतून शिंगं रंगवलेल्या, मोरपिसं लावलेल्या म्हशी पंचगंगेच्या काठानं, कसबा बावड्यातून मोटारसायकलीमागं पळतात तेव्हा फोटोत पुरुष असतात. वसुबारसेला ओवाळणारी आणि रोज राबणारी बाई एकच असते, पण डेअरीच्या वहीत सभासद म्हणून नाव बहुतेक वेळा नवऱ्याचं. संघांनी महिला सोसायट्या काढल्या, त्यानं थोडा फरक पडला. माजाची तारीख तिला ठाऊक, पैशाचा निर्णय त्याच्या हातात, ही फारकत जिथं मिटते तिथं गोठा चालतो, असं माझं निरीक्षण आहे.

फरक बिलाचं काय करावं हे ज्याचं त्यानं ठरवावं; कपडे, फराळ, उसनवारी सगळं आहेच. तरी दर म्हशीमागं निदान तीनशे-चारशे रुपये बाजूला काढून पुढच्या दोन महिन्यांचं खनिज मिश्रण आत्ताच आणून ठेवा, जंताची मात्रा द्या, लसूणघासाचं बी पेरा. सोसायटीच्या सचिवांना एक विनंती: दहा दिवसांच्या चिठ्ठीवर दुधाच्या आकड्याशेजारी म्हैस व्याल्याची तारीख आणि भरवल्याची तारीख छापायची सोय करा, संगणक आहेच, खर्च शाईचा. आणि गोठेवाल्यांनो, दिवाळीत भरवलेली म्हैस संक्रांतीपर्यंत डॉक्टरांकडून तपासून घ्या. रिकामी निघाली तर फेब्रुवारीपर्यंत अजून दोन माज हातात असतात.